प्रायमाक्विनची पट्टी देताना मी काय विचारते

पावसाळा सुरू झाला की आमच्या दुकानातून दोन गोळ्या जोडीनं जायला लागतात. क्लोरोक्विन ३ दिवस आणि प्रायमाक्विन १४ दिवस. चिठ्ठीला लॅबचा कागद पिन केलेला असतो, त्यावर ‘पीव्ही पॉझिटिव्ह’. म्हणजे प्लाझ्मोडियम व्हायवॅक्स, आपल्याकडचा नेहमीचा मलेरिया. कल्याण पश्चिमेला आमचं मेडिकल आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी बघते. खाडीच्या बाजूची वस्ती, नव्या इमारतींच्या साइट, तळघरांत साचलेलं पाणी. त्यामुळे हे कागद मला पाठ आहेत.

क्लोरोक्विन मी लगेच देते. प्रायमाक्विनची पट्टी हातात घेतली की मात्र थांबते आणि विचारते. ही गोळी पूर्वी कधी घेतली होती का? तेव्हा लघवी काळपट झाली होती का? घरात, विशेषतः आईच्या माहेरच्या पुरुषांत, एखाद्या औषधानंतर कावीळ झाली, रक्त चढवावं लागलं, असं कुणाचं झालंय का? जन्मल्यावर कावीळ होऊन निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं का? बाई असेल तर दिवस गेलेत का? आणि शेवटी, जी-६-पीडीची, म्हणजे तांबड्या पेशीतल्या एका एन्झाइमची, तपासणी केली आहे का? या शेवटच्या प्रश्नाला बहुतेक वेळा कोरा चेहराच उत्तर म्हणून येतो. मग मी डॉक्टरांना फोन लावते. मागे रांग असते, लोक कुरकुरतात. मला ते चालतं.

ही गोळी का लागते, ते आधी सांगते, कारण पुढचं वाचून कुणी ती गोळी फेकून देऊ नये. व्हायवॅक्सचे काही परजीवी यकृतात जाऊन झोपतात. क्लोरोक्विन रक्तातले परजीवी मारतं, ताप उतरतो, माणूस कामावर जातो. यकृतातले तसेच राहतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी उठतात. “दर पावसाळ्यात मला मलेरिया होतोच” असं म्हणणाऱ्या कितीतरी जणांना नवा डास चावलेलाच नसतो, जुनाच मलेरिया उलटलेला असतो. या झोपलेल्यांना मारणारी औषधं एकाच घराण्यातली आहेत. त्यात प्रायमाक्विन आणि अलीकडचं टॅफेनोक्विन. दुसरं काही नाही. म्हणून प्रायमाक्विनला पर्याय शोधत बसण्यापेक्षा ते कुणाला कसं द्यायचं हे नीट कळणं जास्त महत्त्वाचं.

आता अडचण. आपल्या तांबड्या पेशीत केंद्रक नसतं, मायटोकाँड्रिया नसतात. अस्थिमज्जेतून निघताना जी एन्झाइमं तिला मिळतात, ती शिदोरी. तेवढ्यावर तिला साधारण १२० दिवस काढायचे असतात, नवी बनवता येत नाहीत. त्यातलं एक एन्झाइम म्हणजे ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज, जी-६-पीडी. ते एनएडीपीएच नावाचा रेणू तयार करतं, तो ग्लुटाथायोनला कामाला जुंपून ठेवतो, आणि ग्लुटाथायोन पेशीतल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिडीकरणापासून वाचवतं. तांबड्या पेशीकडे एनएडीपीएच मिळवायचा दुसरा मार्ग नाही. प्रायमाक्विनचं शरीरात रूपांतर होऊन जे पदार्थ बनतात, ते नेमका हाच ऑक्सिडीकरणाचा मारा करतात. ज्याचं एन्झाइम जन्मतः कमी आहे त्याच्या पेशीतलं हिमोग्लोबिन बिघडतं, त्याच्या गुठळ्या पेशीच्या भिंतीला चिकटतात आणि पेशी फुटतात. हिमोग्लोबिन रक्तात सांडतं, मूत्रपिंडातून बाहेर पडतं, आणि लघवी कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी दिसते. पाठोपाठ डोळे पिवळे, धाप, कंबर-पोटात दुखणं. फारच वाढलं तर मूत्रपिंडं बंद पडू शकतात.

हे साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आसपास होतं. आणि नेमक्या त्याच दिवसांत रुग्णाकडे कुणाचं लक्ष नसतं. ताप उतरलेला असतो, डॉक्टरांनी “कोर्स पूर्ण करा” म्हणून बजावलेलं असतं, पुढची भेट आठवड्यानं असते.

आमच्या भागातली एक कोळी मावशी अशीच एका सकाळी इलेक्ट्रॉलची पुडी मागायला आली. मुलाच्या गोळ्या दुसरीकडून घेतल्या होत्या. सहज बोलली, “गोली गरम परली गो बाय पोराला. लघवी लाल होते.” घरी तिनं सब्जा भिजवला होता, जिऱ्याचं पाणी चालू होतं, आणि गोळीही चालू होती, कारण कोर्स अर्धवट सोडायचा नसतो हे तिला चांगलं माहीत होतं. मी विचारलं, “मावशी, लाल म्हणजे कशी? पिवळी जर्द, का कोऱ्या चहासारखी?” ती म्हणाली, चहासारखी. मी पुडी बाजूला ठेवली आणि सांगितलं, पुढची गोळी देऊ नका, आत्ताच्या आत्ता रिक्षा करा. मुलगा विशीतला, एरवी होडीवर राबणारा; त्या दिवशी जिना चढताना बसला होता म्हणे. हिमोग्लोबिन साडेसहावर आलं होतं. रक्त चढवलं, सलाइन लावलं, मूत्रपिंडं वाचली, मुलगा घरी आला.

‘गोळी गरम पडली’ या समजुतीची मला फार भीती वाटते. ताप आला, पाणी कमी प्यायलं की लघवी गडद पिवळी होतेच, त्यामुळे त्यात तथ्य असल्यासारखं वाटतं. मलेरियाची गोळी उष्ण, लघवी लाल होणारच, थंड काहीतरी प्या, असं शेजारीण सांगते आणि कधी कधी दुकानदारही सांगतो. त्यात जे दोन डोस जास्तीचे पोटात जातात, तेच महागात पडतात. प्रायमाक्विन शरीरातून लवकर निघून जातं. त्याचं अर्धायुष्य काही तासांचंच आहे. गोळी थांबवली की मारा थांबतो. म्हणून लक्षण ओळखून वेळेवर थांबवणं हाच अर्धा उपचार. आपल्या राष्ट्रीय मलेरिया कार्यक्रमाच्या सूचनांमध्येही हे लिहिलेलं आहे: गडद लघवी, पिवळे डोळे, निळसर ओठ, पोटदुखी, उलट्या, धाप यांपैकी काही झालं तर प्रायमाक्विन बंद करून कळवा. सूचना चांगली आहे. ती काउंटरवर, रुग्णाच्या भाषेत, तोंडानं सांगितली गेली पाहिजे.

त्या मुलाची पुढची गोष्ट जास्त शिकवणारी आहे. वॉर्डात असतानाच जी-६-पीडीची तपासणी झाली आणि रिपोर्ट नॉर्मल आला. घरचे निश्चिंत झाले. पण पेशी फुटायला लागल्या की ज्यांच्यात एन्झाइम कमी त्या म्हाताऱ्या पेशी आधी जातात, आणि मज्जा घाईनं कोवळ्या पेशी बाहेर सोडते, ज्यांच्यात एन्झाइम त्यातल्या त्यात जास्त असतं. त्यात रक्त चढवलेलं, म्हणजे दुसऱ्याच्या पेशी. अशा वेळी केलेली तपासणी फसवी निघू शकते. मी मावशींना म्हटलं, तीन महिन्यांनी पुन्हा करा, डॉक्टरांना विचारून करा. त्यांनी केली. कमतरता स्पष्ट होती.

आणि इथं मला आमच्या गावाबद्दल एक गोष्ट सांगायची आहे, जी कल्याणात फारशी कुणाला माहीत नाही. या एन्झाइमच्या जनुकात जगभर अनेक प्रकारचे बदल सापडले आहेत, आणि त्यांना बहुधा गावा-प्रदेशांची नावं दिली जातात. त्यातल्या एकाचं नाव ‘जी-६-पीडी कल्याण’ आहे. १९८४ साली एका कोळी कुटुंबात सापडलेला प्रकार म्हणून तो शास्त्रीय नियतकालिकात छापून आला. केरळात सापडलेल्या एका प्रकाराला तोवर वेगळं नाव होतं. पुढे १९९०च्या दशकात जनुक वाचता आलं तेव्हा दोन्हीकडे बदल एकच निघाला: प्रथिनाच्या साखळीत ३१७व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन. आता त्याला केरळ-कल्याण म्हणतात. १९९५ साली ओडिशातल्या आदिवासींमध्ये सापडलेल्या प्रकाराला ओरिसा हे नाव मिळालं. तेव्हाच्या अभ्यासात आदिवासी समाजांतली बहुतेक कमतरता या प्रकारामुळे, तर शहरी लोकांतली बहुतेक ‘भूमध्य’ (मेडिटरेनियन) नावाच्या प्रकारामुळे असल्याचं दिसलं. मुंबईतल्या पारशी समाजात ही कमतरता जास्त आढळते हे तर डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

हे सांगताना एक काळजी वाटते, ती बोलूनच टाकते. ‘अमुक जातीचा म्हणजे हा दोष असणार’ असं कुणी धरू नये, आणि ‘आम्ही त्यातले नाही’ म्हणून कुणी बिनधास्तही राहू नये. जगात सुमारे ४० कोटी लोकांना ही कमतरता आहे. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे ती जास्त दिसते, कारण गंभीर मलेरियापासून तिनं काही अंशी वाचवलं. मलेरियाच्याच गावात टिकलेली ही गोष्ट मलेरियाच्याच गोळीनं जिवावर बेतते. एरवी या माणसांना आयुष्यभर काहीही होत नाही. होडी ओढतात, शेती करतात, म्हातारे होतात.

प्रायमाक्विनचा हा स्वभाव कळला तो मार्गही जाणून घेण्यासारखा आहे. त्याच घराण्यातलं पामाक्विन १९२०च्या दशकात जर्मनीत तयार झालं, आणि ते घेतल्यावर काहींची लघवी काळी होते हे लवकरच दिसू लागलं. कारण कळायला पुढची तीस वर्षं लागली. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या स्टेटव्हिल तुरुंगात, शिकागो विद्यापीठाच्या आल्फ अल्व्हिंग यांच्या पथकानं कैद्यांवर मलेरियाच्या औषधांचे प्रयोग केले. प्रायमाक्विननं ज्यांचं रक्त फुटत होतं, त्यांच्या तांबड्या पेशी किरणोत्सारी क्रोमियमची खूण करून दुसऱ्या माणसाला चढवल्या आणि त्याला गोळी दिली. चढवलेल्या पेशी फुटल्या, त्याच्या स्वतःच्या शाबूत राहिल्या. उलट करून पाहिलं तेव्हा तसं झालं नाही. दोष पेशीतच आहे हे १९५४ साली असं सिद्ध झालं, आणि १९५६ मध्ये पॉल कार्सन आणि सहकाऱ्यांनी तो जी-६-पीडीचा अभाव आहे हे दाखवलं. ज्यांच्या पेशी फुटल्या ते बहुतेक कृष्णवर्णीय कैदी होते. त्यांनी संमतीच्या सह्या दिल्या होत्या. पण गजाआडच्या माणसाला ‘नाही’ म्हणणं किती मोकळेपणानं जमतं, हा प्रश्न राहतोच. आज आपण ज्या माहितीवर सुरक्षित डोस ठरवतो ती त्यांच्या रक्तातून आली आहे. त्यांची नावं माझ्या वाचनात कुठे आली नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

तपासणीबद्दल थोडं सविस्तर. सगळ्यात सोपी ती फ्लुरोसंट स्पॉट टेस्ट: रक्ताचा थेंब रसायनात मिसळून गाळण कागदावर टाकायचा, अतिनील दिव्याखाली धरायचा. चमकला तर एन्झाइम आहे, नाही चमकला तर कमी. ती शोधून काढणारे अर्नेस्ट ब्यूटलर त्याच स्टेटव्हिलच्या पथकात होते. मुलग्यांसाठी आणि पुरुषांसाठी ही टेस्ट चांगली, कारण जनुक एक्स गुणसूत्रावर आहे आणि पुरुषाकडे एक्स एकच. एन्झाइम एकतर ठीक किंवा बरंच कमी. बायकांचं तसं नाही. त्यांच्याकडे दोन एक्स, आणि प्रत्येक पेशीत त्यातला एकच चालू. त्यामुळे वाहक बाईच्या रक्तात दोन्ही जातीच्या पेशी मिसळलेल्या असतात. ज्यांच्यात एन्झाइम नॉर्मलच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त, त्या स्पॉट टेस्टमध्ये बहुधा नॉर्मल दिसतात, तरी ५० टक्के असलेल्या बाईच्या निम्म्या पेशी कच्च्याच असतात. म्हणून बायकांनी शक्य असेल तर आकडा देणारी तपासणी करावी. ‘ही पुरुषांची भानगड आहे’ असं सांगून मुलींना परत पाठवलेलं मी ऐकलंय. ते चूक आहे.

निळसर ओठांचं लक्षण मी वर लिहिलं, ते जरा वेगळं प्रकरण आहे. प्रायमाक्विन हिमोग्लोबिनचं थोडं मेथिमोग्लोबिन करतं, जे ऑक्सिजन वाहू शकत नाही. ते परत जागेवर आणणारं वेगळं एन्झाइम आहे, आणि तेही काहींमध्ये जन्मतः कमी असतं. व्हिएतनाम युद्धात क्लोरोक्विन, प्रायमाक्विन आणि डॅप्सोन घेणारे काही अमेरिकन सैनिक निळे पडले, तेव्हा त्यांच्यात हा दोष अर्धा, म्हणजे जनुकाच्या दोनपैकी एकाच प्रतीत, सापडला होता. अशा रुग्णाला मेथिलिन ब्लू देतात. पण मेथिलिन ब्लूला काम करायला जी-६-पीडीच लागतं, आणि ते नसलेल्याला ते उलट अपाय करतं. म्हणून निळ्या ओठांच्या रुग्णाच्या नातेवाइकांनी जुना जी-६-पीडी रिपोर्ट असेल तर तो डॉक्टरांच्या हातात आधी द्यावा.

कमतरता निघाली म्हणजे उपचार संपला असं नाही. क्लोरोक्विन मलेरियाच्या नेहमीच्या डोसमध्ये चालतं, आर्टिमिसिनिनच्या जोडगोळ्याही चालतात. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या लांबलचक याद्या वाचून आई-बाप ताप उतरवायची साधी गोळीही द्यायला घाबरतात. त्याची गरज नाही. डॅप्सोन, नायट्रोफ्युरँटॉइन, रास्बुरिकेज, मेथिलिन ब्लू ही खरी जपायची नावं. आफ्रिकेत क्लोरप्रोग्वानिल आणि डॅप्सोन यांची एक जोडगोळी मलेरियासाठी आली होती. कमतरता असलेल्यांचं हिमोग्लोबिन खाली जातं हे दिसल्यावर २००८ साली ती मागे घेतली. प्रायमाक्विनसुद्धा वेगळ्या पद्धतीनं देता येतं: रोज न देता आठवड्यातून एकदा, किलोला ०.७५ मिलिग्रॅम, ८ आठवडे. ६० किलोच्या माणसाला ४५ मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना हे सांगते, पण डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. मधल्या सहा दिवसांत मज्जा नव्या पेशी भरून काढते. घरच्या घरी हिशेब करून हे करू नये.

त्या मुलाच्या मावसभावाला नंतर व्हायवॅक्स झाला तेव्हा घरच्यांनी डॉक्टरांना आधीच सांगितलं. तपासणी झाली, कमी निघालं. मग आठवड्याची गोळी, सुरुवातीच्या डोसांनंतर हिमोग्लोबिन आणि लघवीवर नजर. दर वेळी आई पट्टी घेऊन दुकानात यायची आणि आधी लघवीचा रंग सांगायची, मग बाकीचं बोलायची. हिमोग्लोबिन थोडं उतरलं, परत आलं. मलेरिया उलटला नाही.

टॅफेनोक्विनला अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली. एकाच वेळी ३०० मिलिग्रॅम, झालं. चौदा दिवसांची पट्टी अर्ध्यावर सोडणारे लोक मी रोज बघते, त्यामुळे या सोयीचं मोल मला कळतं. पण त्याचं अर्धायुष्य सुमारे दोन आठवडे आहे. चौथ्या दिवशी लघवी काळी झाली तर थांबवायला काही उरतच नाही, गोळी आधीच आत. म्हणून एन्झाइम ७० टक्क्यांच्या वर आहे हे मोजूनच ते द्यायचं असतं. प्रायमाक्विनचाही ७ दिवसांचा छोटा कोर्स आता मान्य आहे, त्यात रोजचा डोस दुप्पट. कोर्स जितका आखूड होईल, तितकी आधीची तपासणी टाळता येणार नाही.

माझ्याकडून जाणाऱ्या प्रायमाक्विनच्या पाकिटावर मी लाल पेनानं लिहिते: लघवी चहासारखी झाली तर गोळी बंद, लगेच डॉक्टर. चौथ्या दिवशी फोन करते. फोन मुलग्याला केला तर तो “सगळं ठीक” म्हणून ठेवून देतो, म्हणून घरातल्या बाईचा नंबर घेते. माझ्या व्यवसायातल्या सगळ्यांना माझी विनंती आहे की एवढं तरी करा, त्याला दोन मिनिटं लागतात. ज्यांची कमतरता निघाली आहे त्यांनी रिपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा, आणि प्रत्येक नव्या केसपेपरवर अॅलर्जीच्या जागी ‘जी-६-पीडी कमी’ असं लिहून घ्यावं. हा दोष वडिलांकडून मुलाकडे जात नाही, आईकडून येतो; तेव्हा सांगायचं ते मामांना, मावशीच्या मुलांना, बहिणींना.

त्या मुलाच्या बहिणीला आता सातवा महिना आहे. ती वाहक असू शकते, म्हणून तिनं तिच्या डॉक्टरांना भावाचा रिपोर्ट दाखवलाय. बाळ झालं की पहिल्या आठवड्यात काविळीवर नीट लक्ष ठेवायचं, बाळाची तपासणी करून घ्यायची, आणि दुपट्यांच्या पेटीत डांबराच्या गोळ्या टाकायच्या नाहीत, कारण त्यातल्या नॅफ्थालिननंही अशा बाळाचं रक्त फुटतं. मावशींनी पेटी आत्ताच रिकामी करून उन्हात ठेवली आहे.